वीस मिनिटं

वीस मिनिटं मिळाली मोजायला.
गाड्या त्याहून जास्त वेळ एका जागी थांबल्या
की समोरच्या गच्च्यांवरून कुणीतरी आपल्याला मोजू लागतं,
असं सार्जंट म्हणाला.

टेपचं शून्याचं टोक मी धरलं,
दुसरं हॅव्हरकॅम्पसाहेबांनी.
साठीचा लेखापरीक्षक, कुठल्याशा गव्हाच्या मुलखातून आलेला,
चिलखताच्या आत निथळणारा,
छातीच्या खिशात तासून ठेवलेल्या दोन पेन्सिली.
पंधरा महिने त्यानं हे पाणीपुरवठा केंद्र
फक्त फोटोंत पाहिलेलं.
उंटावरून हाकलेल्या शेळ्या
आज पहिल्यांदा जवळून बघत होता.

कागदावर भिंत चाळीस सेंटिमीटर.
टेपवर चोवीस.
कागदावर सहा पंप.
जमिनीवर दोन, आणि चार रिकामे चौथरे,
त्यांतल्या एकावर कुणीतरी भेंडी वाळत घातलेली.
कागदावर नळाचा एक पितळी कोपरा, अंगठ्याएवढा,
सातशे डॉलर.

"बकूबाच्या बाजारात," मी म्हणाले,
"अबू सर्मदकडे हा बाराशे दिनारला मिळायचा,
चहासकट.
बाजार होता तेव्हा."
साहेब हसले नाहीत.
"पावती देईल तो?"

आता काय सांगू?
अबू सर्मद उधारी कोळशानं भिंतीवर लिहायचा.
गेल्या रमजानात ती भिंत गेली, उधारीसकट,
आणि आठवड्यानं तो.

नऊ मिनिटं उरली.
काम कुणी घेतलं, ते त्यांनी वाचून दाखवलं:
ह्यूस्टनच्या कंपनीनं कुवेतच्या कंपनीला दिलं,
कुवेतनं अम्मानमधल्या एका खोलीला, जिच्यात फॅक्स मशीन होतं,
फॅक्सनं कुणा इराकी गवंड्याला.
प्रत्येकानं आपापली साय काढून घेतली
आणि गवंड्यापर्यंत नुसतं भांडं पोचलं.
"नाव लागत नाही या शेवटच्या माणसाचं,"
साहेब म्हणाले.

मिक़दाद.
माझा मामेभाऊ.
नाव मला लागत होतं.
टेपचं टोक माझ्या बोटांखाली होतं,
गिलावा नखानं निघत होता
आणि गायब झालेल्या त्या सोळा सेंटिमीटरांतले काही
मला ठाऊक होते:
माघात नव्हे, आमच्या कानूनमध्ये, ऐन थंडीत,
तोफगोळ्यानं आमची वरची खोली उघडी पाडली
तेव्हा मिक़दाद रात्री हातगाडी घेऊन आला होता.
अकरा गोण्या.
त्यांवर याच केंद्राचा निळा शिक्का.
माझी हुदा आता त्या भिंतीला पाठ लावून
पाढे म्हणते.

गावात पाणी आलंच नाही.
मुरलं मात्र भरपूर.

"अजून काही?" साहेबांनी विचारलं.
सार्जंट घड्याळावर बोट आपटत होता.
मी सांगून टाकलं.
नाव नाही. फक्त गोण्या, अकरा,
आणि त्या कुठे लागल्या ते.
दुभाष्या गाडीतच होता, म्हणून माझ्याच मोडक्या इंग्रजीत,
दोनदा.

पेन्सिल कागदावर टेकली.
मग उचलली गेली.
"बाई," ते म्हणाले, आवाज अगदी खाली आणून,
"दहा हजार डॉलरच्या खालचं लिहायला
माझ्या तक्त्यात रकानाच नाही."

परतताना मी मागच्या सीटवर टेप गुंडाळत होते.
तीन चिलखती गाड्या, चौदा माणसं,
वर घिरट्या घालणारं ते एक हेलिकॉप्टर,
पेट्रोल, बर्फाचं पाणी, बाटल्या.
सवयच ती, मनातल्या मनात बेरीज झाली:
आजच्या या वीस मिनिटांत
एक पंप बसला असता.
कदाचित दीड.

हे मी त्यांना सांगितलं नाही.
ते काचेला डोकं टेकून वहीत काहीतरी लिहीत होते,
रकान्याबाहेर, समासात, बारीक अक्षरात.
मी वाकून पाहिलं.
एक आकडा होता, अकरा,
आणि त्याच्यापुढे
प्रश्नचिन्ह की कोपरा नळाचा,
गाडी खड्ड्यातून गेली,
नीट दिसलं नाही.